मोतद्दाराची किळस

कुणी ‘रेस’ हा शब्द काढला की तो आधी थुंकायचा, मग बोलायचा. दवाखान्याच्या अंगणात बसलेला असला तर उठून फाटकाबाहेर जायचा, थुंकायचा आणि परत जागेवर येऊन बसायचा. आमचा शिपाई हसायचा. तुम्हीही हसला असता.

सेनगावच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून नवीन होतो, तेव्हा तो एक शेळी घेऊन आला. साखऱ्याजवळच्या तांड्यावरचा, साठी ओलांडलेला, काटकुळा माणूस. शेळीला काहीच झालेलं नव्हतं. पुढं ओळख वाढल्यावर म्हणाला, “तुमी जनावराला हात कसा लावता, ते पाहाया आलतो.”

उमेदीची सगळी वर्षं त्यानं मोठ्या शहरातल्या रेसकोर्सवर मोतद्दार म्हणून काढली होती. घोड्याचं दाणापाणी, खरारा, लीद, पहाटेची फेरी, सगळं त्याच्याकडं. “मालक फोटोपुरता, जॉकी दोन मिनिटापुरता. बाकी घोडं आमचं,” असं म्हणताना त्याचा चेहरा जरा उजळायचा.

मोबाईलवर पैसे लावणारे गावातले लोक त्याला विचारायचे, “काका, कोणता घोडा येईल?”

“मला काहून इचारता? सुईला इचारा. तीच पळवते.”

मग तो सांगत सुटायचा. “दोन सालाचं लेकरू असते हो ते. हाड भरलेलं न्हाई. त्याच्या पाठीवर माणूस बसवतेत. गुडघा सुजला की सुई. पळून आलं की नाकातून रगत. मी फडक्यानं पुसून राहिलो अन् वर लोक टाळ्या वाजवून राहिले.”

घोड्यावरची वरात दिसली की मात्र त्याला राहवत नसे. एकदा सेनगावात भर रस्त्यात बँड थांबवून तो घोडीच्या पायाशी बसला. वर बघून म्हणाला, “नवरदेव, जरा उतरा.” नवरदेव बिचारा उतरला आणि बाशिंग सावरत मांडवापर्यंत चालत गेला. घोडीच्या खुरात वीतभर खिळा निघाला, असं हा सांगायचा. शिपायाच्या मते बोटभर होता.

“आता तर धंदाच बसला म्हणतेत,” एकदा तो म्हणाला. “टॅक्स वाढला, गिऱ्हाईक मोबाईलवर गेलं, तबेले बंद होऊन राहिले. मला वाटलं, सुटले घोडे. कशाचे सुटतेत? ट्रकात घालून गावोगाव इकून राहिले. वरातीला, जत्रेतल्या शर्यतीला.”

तशीच एक घोडी कनेरगाव नाक्यावरच्या एका ढाबेवाल्यानं आणली. उंच, तांबूस, पायांवर जुन्या डागण्या. उजवा पुढचा पाय गरम, सुजलेला. ढाबेवाला मला म्हणाला, “साहेब, तिची तकलीफ बघवत न्हाई. तेवढं दुखायचं थांबवा.” मी इंजेक्शन दिलं आणि पंधरा दिवस जागेवरून हलवू नका म्हणून बजावलं. “बराबर,” तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला जत्रेत पळवली. दुखणं जाणवत नव्हतं, म्हणून ती जीव तोडून पळाली आणि गुडघ्याखाली पाय मोडला.

मी पोहोचलो तेव्हा लोक घेरा करून व्हिडिओ काढत होते. मोतद्दार मातीत बसला होता, घोडीचं डोकं त्याच्या मांडीवर. तिला शांत करण्यावाचून इलाज नव्हता. मी सुई भरली. त्यानं तिच्या डोळ्यावर हात ठेवला आणि श्वास थांबेपर्यंत काढला नाही.

मग विचारलं, “कालची सुई कोणी देल्ली?”

“मी.”

“काहून?”

“आराम देतो म्हणाला होता.”

या वेळी तो उठून घेऱ्याबाहेर गेला नाही. माझ्या बुटापाशीच थुंकला.

आठ दिवस तो फिरकला नाही. मग एक कोरा रेघांचा कागद घेऊन आला. “लिहा. सुई देल्ली अन् मंग त्यानं पळवली. झालं तेच लिहा. पोलिसाकडं देतो.”

“माझ्या नोकरीचं काय होईल?”

“तिचा जीव गेला.”

मी लिहिलं. लिहिताना हात किती सभ्य शब्द शोधत होता, हे आठवलं की आजही माझीच मला शिसारी येते. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं शिपायाकडून मोठ्यानं वाचून घेतलं. ‘वेदनाशामक उपचार केले’ या ओळीवर त्यानं हात वर केला. “सुई म्हणा.” मी खोडून सुई लिहिलं. माझ्या सहीखाली त्यानं अंगठा उठवला.

मला वरिष्ठांची नोटीस आली, ढाबेवाल्यावर गुन्हा दाखल झाला आणि पुढच्या जत्रेत शर्यत झाली नाही. मला वाटलं, संपलं.

थोड्याच दिवसांनी तो दवाखान्याच्या दारात उभा राहिला. “शर्यत वाशिमच्या हद्दीत हलवली म्हणतेत. आज हाय.”

“तिकडं माझा अधिकार चालत नाही.”

“माझा कुठं हाय? पण पाय तं पाहता येतेत.” असं म्हणत तो आत आला आणि माझ्या टेबलावरचे बँडेजचे दोन रोल त्यानं न विचारता उचलले.

त्या पावसाळ्यात तापानं तो गेला. तांड्यावरून निरोप आला तेव्हा माती होऊन दोन दिवस झाले होते.

मला तो शर्यतीकडं निघालेला, त्या दुपारचाच दिसतो. जीप खच्चून भरलेली. ड्रायव्हर म्हणत होता, “बाबा, जागा न्हाई, मागच्या गाडीनं या.” हा मागच्या पायरीवर चढला, एका हातानं शिडी धरली, दुसऱ्या हातानं ते बँडेज छातीशी धरलं. जीप वाशिमच्या रस्त्याला लागली.