टेकडीवर केर्तू काय म्हणाली

काल्लिओ वस्तीतल्या निम्म्या लोकांच्या पाठी केर्तू लाह्तोनेननं घासल्या असतील. हेलसिंकीत घरोघरी न्हाणीघरं नव्हती, तेव्हापासून ती आमच्या कोपऱ्यावरच्या सार्वजनिक सौनात कामाला. वाफ घेऊन आलेलं माणूस बाकड्यावर पालथं पडायचं आणि ही आपल्या दणकट हातांनी त्याला घासून लख्ख करायची. जरा हळू, म्हणणाऱ्याला विचारायची, "का, कातडी घरी न्यायची आहे?" पालथ्या पडलेल्या माणसाला समोरचं तोंड दिसत नाही, त्यामुळे लोक तिच्याजवळ नाही नाही ते बोलून जात. कुणाचा नवरा, कुणाचं पोर, कुणाची दारू. केर्तू हं हं करायची आणि कोमट पाण्याची बादली ओतायची. चाळीस वर्षांत तिच्या तोंडून त्यातलं अक्षर बाहेर गेलं नाही. बाई पोटात ठेवणारी आहे, असं सगळे म्हणत. तिच्या स्वतःच्या पोटात काय आहे, हे मात्र एकानंही कधी विचारलं नाही.

वर्षातून एक दिवस ती रजा घ्यायची, मालकानं कितीही तोंड वाकडं केलं तरी. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपासाच्या आधीचा मंगळवार, आमचा लास्कियाइनेनचा सण. त्या दिवशी टेकडीवरून बर्फात घसरायचं. घसरगाडी जितकी लांब जाईल, तितका त्या साली जवस उंच वाढतो आणि तितका त्याचा धागा लांब निघतो, अशी जुनी समजूत. म्हणून घसरताना ओरडायचं, "जवस लांब, जवस लांब!" शहरातल्या पोरांनी जवसाचं शेत जन्मात पाहिलेलं नसतं, पण ओरडायला कुणी मागे नाही. केर्तू आपली जुनी लाकडी गाडी घेऊन जायची, गाडीवर मागे बसायची, पुढची जागा रिकामी ठेवायची आणि तोंड मिटून एकदाच खाली यायची. पोरं हसायची. हसेनात का, त्यांना काय ठाऊक!

चव्वेचाळीस साली ती दहा वर्षांची होती आणि तिचा भाऊ उन्तो पाच वर्षांचा. बाप युद्धाच्या आघाडीवर. आई दिवसभर सैनिकांचे कोट शिवायची. फेब्रुवारीत शहरावर दोनदा बॉम्ब पडले, तेव्हा पोरांना युद्धाबाहेरच्या स्वीडनला पाठवायचं असं आईनं ठरवलं. तेव्हा कितीतरी आयांनी काळजावर दगड ठेवून ते ठरवलं. पोराच्या गळ्यात नावाचा पुठ्ठा अडकवायचा आणि आगगाडीत बसवून द्यायचं. पलीकडे कुणी भलं माणूस उतरवून घेईल. लाह्तोनेनांच्या दोन्ही पोरांची नावं लागली.

केर्तूला जायचं नव्हतं. बाबा सुट्टीवर आले आणि आपण नसलो तर, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ती रडली, जेवायची थांबली, आईच्या पदराला... पदर कुठला आमच्याकडे, आईच्या कामाच्या झग्याला लोंबकळली. आई म्हणाली, "तू सोबत आहेस म्हणून तर त्याला पाठवतेय. एकट्याला पाठवायची छाती झाली असती का माझी?"

हे वाक्य केर्तूनं धरून ठेवलं. म्हणजे आपण अडकलो की उन्तोही अडकला. ताप असलेल्या पोराला डॉक्टर मागे ठेवतात, हे तिनं जिन्यात बायकांच्या बोलण्यात ऐकलं होतं. तपासणी गुरुवारी होती आणि मंगळवारी लास्कियाइनेन.

त्या मंगळवारी दोघं टेकडीवर गेली. उन्तो पुढे, ती मागे, त्याच्या पोटाभोवती तिचे हात. बॉम्ब पडलेल्या शहरात पोरं जरा जास्तच ओरडत होती. "ताई, अजून एकदा," असं करत उन्तोनं तिला वीस वेळा तरी वर चढवलं. मग शेजारणीच्या हाती तिनं त्याला घरी धाडलं, वाटाण्याचं पातळ सूप निवतंय म्हणून. एकटी राहिल्यावर तिनं हातमोजे काढले, कोटाची बटणं सोडली आणि बर्फात पाठ टेकून पडून राहिली. दात ठणकेपर्यंत बर्फ खाल्लं. गुरुवारी सकाळी ती तापानं फणफणली होती आणि मनातून खूश होती.

डॉक्टरनं तापमापक बघितला आणि तिला भिंतीकडच्या बाकावर बसवलं. मग नर्सनं उन्तोच्या गळ्यातला पुठ्ठा नीट केला आणि त्याला जाणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं.

आई दोघांच्या मधोमध उभी राहिली. कितीतरी वेळ. मग उन्तोसमोर खाली बसली आणि म्हणाली, "ताईला ताप आहे. ती पुढच्या गाडीनं येईल."

"मग मी तिची जागा धरून ठेवू?" उन्तोनं विचारलं.

"ठेव," आई म्हणाली.

केर्तूनं बाकावरून हे ऐकलं. तेव्हा तिनं तोंड उघडलं असतं तर? पण ती बाकाची कड धरून बसून राहिली. दहा वर्षांच्या पोरीला काय दोष द्यायचा, असं आपण म्हणतो. तिनं स्वतःला दिला तो दिलाच.

दोनच दिवसांनी तिसरा हल्ला झाला, सगळ्यांत मोठा. गल्लीत एक काच शिल्लक राहिली नाही. तळघरात तापलेल्या केर्तूला कुशीत घेऊन आई म्हणत राहिली, देवाची कृपा, निदान उन्तो तरी सुटला. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? ताप छातीत उतरला, ती उठेपर्यंत एप्रिल लागला आणि मग तिला पाठवायचा आईला धीर झाला नाही. उन्हाळ्यात बाप आघाडीवर मारला गेला. युद्ध संपल्यावर स्वीडनहून उन्तोला सांभाळणाऱ्यांचं पत्र आलं: मुलगा मजेत आहे, तुमची भाषा विसरलाय, आम्ही त्याला दत्तक घेऊ इच्छितो. तिकडे दूध होतं, बूट होते. इकडे एक खोली. आईनं सही केली आणि दोन दिवस रडत रडत शिवत राहिली.

त्रेसष्ट साली तो भेटायला आला, नेमका लास्कियाइनेनला. चोवीस वर्षांचा, उंच, अंगात चांगला कोट. नाव आता ऊनो. शेजारच्या आल्मबर्गबाई स्वीडिश घराण्यातल्या, त्या दुभाष्या म्हणून बसल्या. आई सारखी त्याची बाही कुरवाळत होती. पोटच्या पोराशी बोलायला शेजारीण लागावी, यापरतं दुसरं दुःख मी तरी पाहिलेलं नाही.

दुपारी केर्तू त्याला टेकडीवर घेऊन गेली, बाईंशिवाय. तिनं गाडी बर्फावर ठेवली. कुणी काही सांगितलं नाही, खूण केली नाही, तरी हा बाप्या गाडीवर पुढे सरकून बसला, मागे एका माणसाची जागा सोडली आणि मान वळवून तिची वाट बघू लागला.

केर्तू मागे बसली. त्याच्या पोटाभोवती हात टाकले आणि त्याच्या कानाशी फिनिशमध्ये सगळं बोलून टाकलं. "मी मुद्दाम ताप आणला, उन्तो. मला वाटलं, तुलाही ठेवून घेतील. तू जागा धरून बसलास आणि मी येणारच नव्हते." बराच वेळ ती बोलत होती. सणाचं काहीतरी असेल असं समजून तो हसला, मान डोलावली. मग तिनं पाय मारून गाडी सोडली.

संध्याकाळी कॉफी पिताना त्यानं आल्मबर्गबाईंना विचारलं, ताई टेकडीवर कानात काय म्हणाली? आई समोरच बसली होती, त्याची बाही धरून. केर्तूनं आईकडे पाहिलं.

"त्याला सांगा, जवस लांब, जवस लांब म्हणत होते."

त्यानं ते शब्द कागदावर लिहून घेतले आणि पाकिटात जपून ठेवले.

पुढच्या वर्षी सणाला त्याचं कार्ड आलं. खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत फिनिश: जवस लांब, जवस लांब. मग दरवर्षी येत राहिलं. आईनं मरेपर्यंत ती कार्डं खिडकीत मांडली. आई गेल्यावर केर्तूनं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन दोन हिवाळे स्वीडिश गिरवली. आता खरं सांगायला त्याची भाषा होती आणि आईची आडकाठीही नव्हती. तिनं लिहिलं काय? हवा कशी आहे, सौनाचं धुराडं कसं बिघडलं. खरं लिहायला बसली की कार्ड यायचं आणि ती पेन खाली ठेवायची. भित्री होती, दुसरं काय. कॉफीच्या डब्यात पंचेचाळीस कार्डं जमली.

मग एका वर्षी कार्ड आलं नाही. मार्चमध्ये त्याच्या मुलीचं, यिल्वाचं पत्र आलं. बाबा जानेवारीत गेले. शेवटी इस्पितळात ते हेच फिनिश शब्द पुटपुटत होते. आम्हाला कधी अर्थ सांगितला नाही. 'माझी बहीण सापडली तेव्हा तिनं माझ्या कानात हे म्हटलं,' एवढंच बाबा सांगायचे. खाली विचारलं होतं, "आत्या, याचा अर्थ काय?"

केर्तूनं पत्र दोनदा वाचलं. मग टेबलावरचे कप बाजूला सारले, कागद घेतला आणि स्वीडिशमध्ये लिहिलं, "यिल्वा बाळ, याचा अर्थ जवस उंच वाढो, एवढाच. पण टेकडीवर मी हे म्हटलं नव्हतं."