उजवीकडे वळलेल्या गाठी

डावरेआजोबांचं खरं नाव काय, हे आता पोस्टमनलाही आठवत नाही. डाव्या हाताने जाळी शिवतात म्हणून डावरे. तोंडावर मात्र फक्त आजोबा, कारण नाकावर माशी बसू देत नाहीत. पन्नास वर्षं झाली, हा माणूस किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून, हातात दोरा गुंडाळलेली लाकडी पट्टीसारखी सुई घेऊन बसलाय. बाकी सगळ्यांच्या गाठी उजवीकडे वळतात, यांच्या डावीकडे. त्यामुळे जाळ्याला यांचा हात कुठे लागलाय ते लगेच कळतं, आणि याचा त्यांना कोण अभिमान.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी होड्या पाण्यात जात नाहीत. जाळी वाळूवर पसरतात, आणि होडीवाला आजोबांना घेऊन कडेकडेने फिरतो. हे भोक खडकाला घासलं तेव्हाचं, हे होडीच्या पंख्यात अडकलं तेव्हाचं, अशी सगळ्या वर्षाची उजळणी होते. शेवटी तो विचारतो, "पुढच्या वर्षी जाळं कोणाकडे?" आजोबा म्हणतात, "हा काय प्रश्न झाला?" की संपलं.

यंदा मात्र आजोबा सकाळीच जाळ्यापाशी एकटे जाऊन बसले. कारण डोळे. दोन वर्षं झाली, दोरा दिसला तर भोक दिसत नाही, भोक दिसलं तर दोरा. कोणाला सांगितलं नव्हतं, डोळ्यांच्या डॉक्टरला तर मुळीच नाही. झाकली मूठ. होडीवाला यायच्या आत बोटांनी चाचपायचं, सैल गाठ लागली तर गुपचूप आवळायची, एवढाच बेत. हे काम गेलं तर आपण उरतो कशाला?

बोटं फिरू लागली. पहिली गाठ घट्ट. दुसरी घट्ट. आजोबांची छाती फुगली. पाचवीवर बोट अडलं. गाठ उजवीकडे वळलेली. पुढचीही तशीच. खडकाने फाडलेलं ते भोक, जे त्यांनी स्वतः शिवलं होतं, तेही सगळं उजवं. पायाखालची वाळू सरकते म्हणतात, आजोबा तर वाळूवर बसलेलेच होते. कोणीतरी त्यांचं काम उसवून पुन्हा शिवलं होतं, तेही वर्षभर.

सून जवळच टोपल्या धूत होती.

"हे कोणी केलं?"

"मी," ती म्हणाली. आढेवेढे घेण्यात तिने वेळ घालवला नाही. "दुपारी तुम्ही आडवे होता ना, तेव्हा."

"तुला शिकवलं कोणी? मी तर नाही."

"तुम्ही कुठले शिकवताय? लुडबूड करू नकोस म्हणालात. अकरा वर्षं तुमच्यासमोर बसून टोपल्या धुतेय, बघून बघून आलं. समोरून बघितलं, म्हणून उलटं आलं. ते माझ्या लक्षातच आलं नाही."

"मला सांगायचं तरी होतंस."

"काय सांगू, तुमच्या गाठी सुटतात? माझा नवरा याच होडीवर जातो, बाबा. आणि तुमचं फुगलेलं तोंड मला घरी रोज बघायचं असतं."

आजोबांना राग आला, चांगलाच आला. तिची एक गाठ त्यांनी नखाने उचकटून पाहिली. हलेना. दुसरी पाहिली, तीही नाही. मग राग काढायचा कोणावर? उलट लाज वाटली. पोरीने वर्षभर आपली अब्रू राखली आणि आपण तिला एकदाही जवळ बसवलं नाही.

एवढ्यात होडीवाला आला. दोघांनी फेरी मारली. जाळं बघून स्वारी खूश. सवयीने त्याने विचारलं, "मग, पुढच्या वर्षी जाळं कोणाकडे?"

सून धुतलेलीच टोपली पुन्हा धूत होती.

"हिच्याकडे," आजोबा म्हणाले.

होडीवाल्याला चेष्टा वाटली. "आणि तुम्ही काय करणार?"

"हिच्या सुईवर दोरा गुंडाळून देणार."

नवशिक्याला पहिल्या महिन्यात जे काम देतात ते हे, अख्ख्या किनाऱ्याला माहीत आहे. होडीवाल्याचं हसू तोंडातच राहिलं.

"त्याला डोळे लागत नाहीत," आजोबा म्हणाले.

 सून हात पुसत आली आणि तिने रिकामी सुई सासऱ्यांच्या हातात दिली.