अन्वरचं काम कोणाला द्यायचं?

अन्वर गेला. त्याचं काम कोणाला द्यायचं, ते मला ठरवता येत नाही.

आणि आम्हा दोघांची नोकरी हेच ठरवण्याची होती.

यंत्राच्या पोटात छोटे छोटे प्रोसेसर असतात. कामं येत राहतात. कधी कुठलं येईल सांगता येत नाही, पण प्रत्येक काम वेळेतच व्हावं लागतं.
कुठलं काम कोणत्या प्रोसेसरला द्यायचं, एखादा बंद पडला तर त्याची कामं यंत्र न थांबवता कोणाकडे सरकवायची, याचे प्रोग्रॅम आम्ही पुण्यात एका कंपनीत लिहायचो.

शिकलो होतो मात्र शिरड शहापूरला. सत्तरच्या दशकात.

माझे वडील, अण्णा, तिथे प्राथमिक शाळेत शिकवायचे. चार वर्ग, दोन शिक्षक. दुसरे गुरुजी मीटिंगला औंढ्याला गेले की चारही वर्ग अण्णांवर.

मग ते आम्हा चौथीच्या पोरांना कामं वाटायचे. कोणी दुसरीचं शुद्धलेखन तपासायचं, कोणी तिसरीची गणितं. मला कायम पहिलीचे पाढे.
अन्वरला काहीच नाही. तो दाराशी नुसता बसायचा.

"गुरुजी, ह्याला काहून काम न्हाई?" मी एकदा चिडून विचारलं. शाळेत वडिलांनाही गुरुजीच म्हणायचं.

"एखादं लेकरू पडलं तर तू पाढे सोडून उठशील का? कोणीतरी मोकळं पायजे."

अन्वर दारातून ओरडला, "मोकळं बसायची बी लई तकलीफ असते गुरुजी!"
अख्खी शाळा हसली. अण्णाही.

पुढे कंपनीत आम्ही एकदा सगळ्या प्रोसेसरांना कामं अगदी सारखी वाटली. कागदावर फार देखणं दिसत होतं.
टेस्टिंगमध्ये एक काम अचानक आलं. सगळ्यांचे हात भरलेले. सिग्नल उशिरा गेला.

"एकाला हलकं ठेवू," अन्वर म्हणाला.
साहेब वैतागले. "एवढा महागाचा प्रोसेसर नुसता बसवून ठेवायचा?"
"बसलेला नाही सर. वाट बघतोय."

टेस्ट पास झाली. चहा पिताना मला म्हणतो कसा, "तू पाढेच घे लेका. जन्मभर घे."

पुढे त्याच्या अम्मी आजारी पडल्या म्हणून तो नोकरी सोडून त्यांच्याजवळ वसमतला राहायला गेला. पंपांचे स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान टाकलं.
अण्णांची नजर गेल्यापासून दर शुक्रवारी नमाज झाली की एसटीने शिरडला. येताना त्यांची औषधं. आल्यावर पेपर वाचून दाखवणं, मग पारापर्यंत फिरवून आणणं.

सव्वा महिन्यापूर्वी दुकानातच त्याचं हृदय थांबलं.

मी मला येतं तेच केलं. त्याची कामं वाटली. औषधं माझ्या पुतण्याकडे, पेपर शेजारच्या पोरीकडे, फिरवणं चुलतभावाकडे. शुक्रवारचा फोन माझ्याकडे.
एकही काम चुकलं नाही.

आज त्याचा चाळिसावा दिवस. सकाळी औंढ्याला नागनाथासमोर उभा राहिलो. मागायचं काही सुचलं नाही.
दुपारी वसमतला त्याच्या घरी फातिहा झाला. तिथून अण्णांकडे आलो.

"अण्णा, सगळं बराबर चाललंय न? काही राहून तर नाही जात?"

"न्हाई. सगळे येऊन राहिले. आपापलं काम करून राहिले."

मग म्हणाले,
"काम झालं की उठतात रे. तो उठायचा न्हाई. मीच म्हनायचो, जा बाबा, शेवटची गाडी जाईल."



अन्वर, हे कोणालाच वाटून देता येत नाही मित्रा.

तू गेल्यापासून मला तुझी फार आठवण येते. अण्णांना तर शुक्रवारी जास्तच.

जा आता. नागनाथाजवळ तुझ्यासाठी दिवा लावलाय. अल्लाह तुला आपल्याजवळ ठेवो.