राजाचा पडदा

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वाकडं आहे, त्याची माफी असावी.

टीव्हीवर इंग्लंडच्या राजांचा इतिहास चालला होता. गादीवर बसताना राजाची भारी वस्त्रं उतरवतात, छातीला, डोक्याला तेल लावतात. तेवढा वेळ भोवती पडदा धरतात. एवढा मोठा राजा, पण उघडं अंग शेवटी लाजतंच.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, खाटेवरून बघत होत्या. एक बाजू लुळी पडल्यापासून त्या मला अंगाला हात लावू देत नव्हत्या. पाठ सोलवटली होती.

"राजालाही दुसऱ्यानंच तेल लावायचं का गं?"

"होय, आत्या."

"मग आण वाटी. पण आधी पडदा धर."

मी दोरीवर जुनी साडी सोडली. राजानं बघू नये म्हणून टीव्हीही बंद केला.