धाकट्याच्या मागावर

शिंप्याचं दुकान नदीकडे पाठ करून उभं होतं. मशीन चालवताना पाण्याचा आवाज कानावर पडे, पण त्याच्या लेखी नदी म्हणजे मागच्या दारापासून पलीकडच्या वीटभट्टीपर्यंतचं पाणी, एवढंच. ती येते कुठून, जाते कुठं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. ते वेड धाकट्या भावाचं. तो वरच्या अंगाला पुलाच्या कामावर होता. सुट्टीला आला, की कुठला ओढा कुठल्या उपनदीला मिळतो हे सांगून थोरल्याचं डोकं खायचा.

त्या साली डोंगरात ढगफुटी झाली आणि पुलाची परांची माणसांसकट वाहून गेली. बाकीचे सापडले, धाकटा सापडला नाही. भावजय रडेना, की घास गिळेना. पाणी ओसरल्यावर एवढंच म्हणाली, "दादा, काय असेल ते असो. पण मला सांगा."

शिंप्यानं दुकानाला कुलूप घातलं आणि तो खाली निघाला. कधी एसटी, कधी ट्रक, कधी पायी. प्रत्येक घाटावर, प्रत्येक पोलीस चौकीत विचारायचा. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट, मीच शिवलेला, असं सांगायचा. वाटेत एक उपनदी येऊन मिळाली, मग दुसरी, तांबड्या पाण्याची. नदी एवढी रुंदावली, की पलीकडचा माणूस ओळखू येईना. त्याचा धीर सुटत चालला.

तांबड्या नदीच्या संगमाखाली एका चौकीत त्याला प्रेत दाखवलं. धाकटा नव्हता. वय तेवढंच, पण हा दक्षिणेकडून, त्या दुसऱ्या नदीतून आला असणार, असं हवालदार म्हणाला. विचारायला कुणी आलं नव्हतं, आणि जास्त ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं. शिंप्याचा पाय निघेना. खड्डा खणणाऱ्यांबरोबर तो गेला आणि त्या परक्या पोराला त्यानं आपल्या हातानं माती दिली.

तिथून तो थेट मुखापर्यंत गेला. तिथं नदीला फाटे फुटले होते, फाट्यांना आणखी फाटे, मधे नुसता चिखल आणि गवत. जाळं सुकवणाऱ्या म्हातारीला त्यानं समुद्राकडे जाणारा फाटा कुठला म्हणून विचारलं.

"सगळेच की रे, बाबा," ती म्हणाली.

तो तिथंच चिखलात बसला आणि पहिल्यांदा पोटभर रडला.

घरी आला तेव्हा भावजय दारातच उभी होती. तिचा चेहरा अर्धा झाला होता. वाटभर जुळवलेलं सगळं तो विसरला.

"सापडला," तो म्हणाला. "मी आपल्या हातानं माती दिली."

ती मटकन खाली बसली आणि हंबरडा फोडून रडली. संध्याकाळी दोन घास जेवली. पुढे सावरलीही.

शिंप्यानं मात्र मशीन ओढून मागच्या दारापाशी मांडलं. पाणी चढलं की त्याचा पाय थांबतो, सुई अर्ध्या टाक्यात राहते, आणि वरून काय काय वाहत येतंय ते तो बघत बसतो. उजेड हवा म्हणून इथं बसतो, असं त्यानं भावजयीला सांगितलंय.