आषाढातली लग्नपत्रिका

जुलै महिन्यातल्या पहिल्या सोमवारी सकाळी, हजेरी नुकतीच आटोपली असताना, एका बाईंनी माझ्या टेबलावर एक लग्नपत्रिका ठेवली. पत्रिकेतली वधू त्यांची मुलगी होती. ती दोन वर्षांपासून बेपत्ता होती आणि तिची फाइल आमच्याच ठाण्यात उघडी होती.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. नोकरीतल्या बऱ्याच घटना आता एकमेकींत मिसळल्या आहेत. ही मात्र वेगळी राहिली.

बाई राजाजीनगरात राहत आणि शिवणकाम करत. घराणे तीन पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत आलेले. घरी मराठी, बाहेर कन्नड. मी सीमाभागातला, मराठी बोलणारा इन्स्पेक्टर, म्हणून त्या दर महिन्याला माझ्याकडेच येत आणि एकच प्रश्न विचारत: "साहेब, काही कळलं?" त्या दिवशी त्यांनी तो विचारला नाही.

"फाइल बंद करा, साहेब. सापडली. लग्न आहे तिचं."

"बसा, अक्का. फोन आला का तिचा?"

"फोन कशाला? पत्रिका आली की पोस्टानं. फक्त जायचं कसं तेवढं सांगा. पत्त्यात नुसतं गावाचं नाव आहे, फोन नंबर नाही."

"मुलाचं नाव ओळखीचं आहे?"

"नाही. तिनं ठरवलेला तो मुलगा वेगळा होता. बदललेला दिसतोय." त्या हसल्या. "बदलू दे. जिवंत आहे ना!"

मुलीने ठरवलेला तो मुलगा महादेवपुऱ्यात एका कंपनीत होता. मुलगी त्याच्याबरोबर पळून गेली असावी, असे तिच्या मोठ्या भावाने तक्रारीत म्हटले होते. पण मुलगा शहरातच होता, कामावर जात होता, आणि चौकशीत त्याच्याविरुद्ध काही निघाले नाही. तपास तिथे थांबला होता. प्रौढ मुली स्वतःहून घर सोडतात, त्यातल्या बऱ्याच पुढे स्वतःहून कळवतातही. ठाण्यात अशा फाइली नेहमीच असतात.

"पत्रिका तिनंच पाठवली कशावरून?"

बाईंनी पत्रिका उचलून खिडकीच्या उजेडात धरली. जाड, हाताने केलेला, कडा न कापलेला कागद होता. त्यात मधूनमधून निळ्या आणि लाल दोऱ्याचे तुकडे दिसत होते.

"हा माझ्या मशीनखालचा दोरा आहे, साहेब. माझ्या चिंध्या नेऊन कागद करायची ती. हा कागद दुसऱ्या कुणाकडं कसा येईल?"

मुहूर्त जुलैच्या शेवटच्या आठवड्यातला होता. "आषाढात लग्न?" मी विचारले.

"आजकालची पोरं कुठं बघतात आषाढ-बिषाढ! स्वल्प ॲडजस्ट करायचं."

मी पत्रिका ठेवून घेतली, तशी पोच त्यांना दिली आणि दोन दिवस थांबायला सांगितले. त्या नाराज झाल्या. त्यांना तिकीट काढायचे होते.

मुलगी राजाजीनगरातच एका स्टुडिओत काम करत असे. तिथे महागड्या लग्नपत्रिका आणि उन्हाळी पार्ट्यांचे कागदी सामान तयार होते: कंदील, पंखे, पाहुण्यांच्या नावांची कार्डे. मालकीणबाई पुण्याच्या, नवरा इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. मी गेलो तेव्हा त्यांनी एका पार्टीची मांडणी फोटोसाठी लावली होती. लांब टेबल, कागदी फुलं, ताटल्या, आणि प्रत्येक रिकाम्या खुर्चीसमोर एकेका माणसाचे नाव.

त्यांनी पत्रिका हातात घेतली आणि खाली बसल्या.

"सर, हा तिचाच पेपर आहे. हंड्रेड पर्सेंट. स्वतःच्या लग्नासाठी केला होता तिनं, सुट्टीच्या दिवशी येऊन. एकच बॅच. शेवटच्या दिवशी सगळे कोरे कागद कापडी पिशवीत भरून घेऊन गेली. मी चिडवलं पण तिला, म्हटलं, बॉसला डिस्काउंट न मागता लग्न करणारी तू पहिलीच."

"आणि छपाई?"

"छपाई आमची नाही. ही असली लालभडक शाई आम्ही वापरली तर क्लायंट पळून जातील. कुठल्यातरी छोट्या प्रेसमधली आहे. फॉन्ट बघा ना!" त्या थांबल्या. "सर, ती बरी आहे ना?"

कागद तिचा होता, शाई दुसऱ्याची. तक्रारीची प्रत माझ्याजवळ होती. मुलगी घरून निघाली तेव्हा तिच्याजवळ कापडी पिशवी होती, असे त्यात लिहिले होते. म्हणजे कागद ज्याच्याकडे होता, त्याच्याकडे ती पिशवी होती.

दुसरी गोष्ट मी गाडीत बसल्यावर पाहिली. पत्रिकेत स्वागत समारंभ नव्हता, मंगल कार्यालय नव्हते. स्थळ म्हणून वराचे राहते घर दिले होते. गाव किनाऱ्यावरचे होते. त्या भागात मी तरुणपणी तीन वर्षे काढली होती आणि एकदा अशा एका लग्नाला बंदोबस्ताच्या निमित्ताने हजर होतो. तिथल्या काही घरांत, लग्न न होता वारलेल्या मुलामुलींची लग्ने लावतात. त्याला प्रेत मदुवे म्हणतात. मदुवे म्हणजे लग्न. स्थळ पाहतात, पत्रिका जुळवतात, दोन्हीकडचे नातेवाईक जमतात. दोन पाटांवर साडी आणि धोतर मांडतात, हार घालतात, जेवणे होतात. लोक थट्टामस्करीही करतात. हे आषाढाच्या सुमारास होते, कारण त्या दिवसांत जिवंतांची लग्ने नसतात.

मी ठाण्यात परतून बाईंना निरोप पाठवला की तिकीट काढू नका. कारण दिले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या गावी पोहोचलो. कौलारू घर, मागे माडांची बाग. वराचे आईवडील साठीच्या आसपासचे. पोलीस पाहून घाबरले नाहीत. पत्रिका त्यांनीच छापून घेतल्या होत्या. वधूकडून आलेल्या कोऱ्या कागदांवर, गावातल्या प्रेसमध्ये.

"मुलगा काय करायचा?" मी कन्नडमध्ये विचारले.

"काही नाही," आई म्हणाली. "दोन महिन्यांचा होता."

वडिलांनी सांगितले, "आता अठ्ठावीसचा असता."

"असता काय म्हणता? आहे," आई त्यांच्यावर ओरडली. मग मला समजावून सांगितले, "धाकट्याचं लग्न जमत नव्हतं, साहेब. मोठा थांबलेला असताना धाकट्याचं कसं जमेल? आम्ही पाच ठिकाणी बघितल्या. ही मुलगी चांगली वाटली. शिकलेली. कागदाची कला होती हातात."

"मुलगी वारली, हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

"तिच्या भावानं. बायको इकडचीच आहे त्याची. तो स्वतः आला होता बोलणी करायला."

"आणि मुलीच्या आईला पत्रिका कुणी पाठवली?"

"मी. भाऊ म्हणाला, आईला कळवू नका, तब्येत बरी नसते. पण पत्रिकेत आईचं नाव हवं म्हणून भावाच्या बायकोकडून नाव-पत्ता घेतला होता. विहीणबाईंना बोलावल्याशिवाय लग्न लावायचं? लोक काय म्हणतील?"

निघताना मी विचारले की विधीतले आतापर्यंत काय काय झाले. त्या म्हणाल्या, पहिली पत्रिका देऊन झाली. त्यांच्या घरी पहिली पत्रिका ज्याचे लग्न त्यालाच देतात, तो जिथे आहे तिथे नेऊन. मुलाची पत्रिका त्यांनी मागच्या बागेत, त्याला पुरले होते त्या माडाखाली दगडाने दाबून ठेवली होती. त्यांनी ती मला दाखवली. कागदावरून मुंग्या चालत होत्या.

"मुलीकडचीही दिली?"

"हो. भाऊ एकटाच जाऊन देऊन आला, असं त्याची बायको म्हणाली."

बेंगळुरूला परतल्यावर आम्ही भावाला आणि त्याच्या बायकोला नोटीस देऊन बोलावले. भाऊ देवनहळ्ळीजवळ राहत होता. वडिलांनी तिथे घेतलेल्या जमिनीवर तो प्लॉट पाडून विकत असे. दोघांचे जबाब वेगवेगळ्या खोल्यांत घेतले.

बायकोचा जबाब महिला उपनिरीक्षकांनी घेतला. दोनदा दिवस राहून तिचा गर्भ पडला होता. माहेरच्या जाणत्या माणसाने सांगितले, सासरी कुणी मुलगी लग्नाविना गेली आहे, ती वाट अडवते. तिने नवऱ्याला विचारले. तो म्हणाला, आहे. बहीण वारल्याचे पोलिसांकडून कळले, असे त्याने तिला सांगितले. आम्ही त्याला असे काही सांगितले नव्हते. मुलीने लग्नासाठी काही जमवले असेल तर तेच वापरा, असेही त्या माणसाने सांगितले होते. तेव्हा नवऱ्याने माळ्यावरून एक कापडी पिशवी काढून दिली. आत कोरे कागद होते.

भाऊ माझ्यासमोर होता. नीटनेटका, उत्तरे देताना न अडखळणारा माणूस.

"पिशवी आईच्या घरून आणली होती, सर."

"तक्रारीत तर ती पिशवी घेऊन गेली असं तुम्हीच लिहून दिलंत."

"दुसरी असेल."

"वारली हे कुणी सांगितलं?"

"मला स्वप्न पडायचं."

"काय?"

"ती येऊन विचारते, अण्णा, पत्रिका झाली का?"

मी ते लिहून घेतले. स्वप्न हा पुरावा नसतो, पण माणूस खोटे सांगताना सहसा इतके साधे स्वप्न सांगत नाही. चौकशीत मी आवाज चढवत नसे. गुन्ह्याबद्दल विचारले की माणूस सावध होतो. त्याने घरचे म्हणून, रीत म्हणून जे केले असते त्याबद्दल विचारले की तो सावध नसतो.

"वराकडच्यांनी पहिली पत्रिका माडाखाली ठेवली," मी म्हणालो. "मी पाहून आलो. तुम्ही तुमची कुठं ठेवली?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मग दाराकडे. शिपायाने पाणी दिले, ते त्याने हातात धरून ठेवले.

"ठेवली नाही, असं म्हणा हवं तर," मी म्हणालो. "पण मग लग्न पुरं होणार नाही. त्या घरच्यांना मला तसं कळवावं लागेल. तुमच्या बायकोलाही."

"ठेवली," तो म्हणाला.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. त्यातून जी वस्तू सापडते, ती चालते. म्हणून आम्ही तिथेच थांबलो, पंचांना बोलावले आणि त्यानेच जागा दाखवावी असे ठरले.

देवनहळ्ळीच्या त्या लेआउटमध्ये रस्ते झाले होते, खांब उभे होते, घर एकही नव्हते. कोपऱ्यात नकाशावर उद्यान म्हणून सोडलेला तुकडा होता. तिथे एक जुनी, भर टाकून बुजवलेली विहीर होती. वर गवत उगवले होते. कठड्याच्या उरलेल्या दगडांत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पत्रिका ठेवलेली होती. चारही कोपऱ्यांना हळद लावली होती.

तहसीलदार आणि न्यायवैद्यक डॉक्टरांच्या उपस्थितीत विहीर उपसायला दोन दिवस लागले. तळाशी सांगाडा, कपड्यांचे अवशेष आणि पायातली एक चांदीची पट्टी सापडली. पट्टी आईने ओळखली.

तपासात निष्पन्न झाले ते असे. वडील नसल्याने पत्रिकेवर निमंत्रक म्हणून भावाचे नाव असावे, अशी तिची इच्छा होती. ते विचारायला ती कागद घेऊन त्याच्याकडे गेली. ठरवलेला मुलगा त्याला मान्य नव्हता. विहिरीजवळ बोलाचाली झाली आणि त्याने तिला आत ढकलले; विहीर त्याने नंतर बुजवली. कागदाची पिशवी काठावर राहिली.

ती पिशवी त्याने घरी नेली आणि दोन वर्षे टाकून दिली नाही. या प्रकरणाने मला एवढेच शिकवले, की माणूस कायद्यापासून बरेच लपवू शकतो. घरच्या विधीत मात्र तो सहसा खोटे करत नाही.

पट्टी ओळखायला बोलावण्याआधीच आईला सगळे मीच घरी जाऊन सांगितले. त्यांनी मशीन थांबवली नाही. शिवण संपेपर्यंत शिवत राहिल्या. मग विचारले, "त्या लोकांना सांगितलंत?"

"वराकडच्यांना? हो."

"काय म्हणाले?"

वराच्या आईने फोनवर जे म्हटले, ते मी जसेच्या तसे सांगितले: "आमच्याकडून मोडायचं नाही. उलट आता मुलीला घर पाहिजे."

"सरी," बाई म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. "बस कुठून सुटते?"

पुढे डीएनए जुळला, आरोपपत्र दाखल झाले आणि भावाला शिक्षा झाली. बेपत्ताची फाइल त्याआधीच बंद करून खुनाच्या प्रकरणाला जोडली होती.

किनाऱ्यावरच्या त्या गावात बंदोबस्तासाठी स्थानिक ठाण्याचे दोन शिपाई पाठवले होते. त्यांच्या अहवालानुसार लग्न पत्रिकेत दिलेल्या मुहूर्तावर लागले. वधूपक्षाकडून आई हजर होती.