धूर न करणारी मेणबत्ती

मेणबत्ती का विझते याची जितकी कारणं आमच्या सोलापूरच्या घरमालकांना ठाऊक होती, तितकी जगात दुसऱ्या कोणाला ठाऊक असतील असं मला वाटत नाही. मेण मऊ असलं तर ती विझते, कडक असलं तर विझते, वात बारीक असली तर वितळलेल्या मेणात बुडून विझते, आणि जाड असली तर आधी भरपूर धूर करून, चार माणसांना खोकायला लावून मग विझते. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या ओसरीवर बसवून ही सगळी कारणं ते मला सोदाहरण पटवून देत. मग ती विझू नये म्हणून काय करायचं, एवढा एकच किरकोळ प्रश्न उरायचा, आणि तो ते मला विचारायचे. कारण मी बीएस्सी होतो.

मी बीएस्सी झालो होतो तो वनस्पतिशास्त्र घेऊन, आणि पोटासाठी पाटबंधारे खात्यात कागदांना टाचण्या लावत होतो. मेणबत्तीशी माझा संबंध वाढदिवसापुरताही नव्हता, कारण आमच्याकडे वाढदिवसाला औक्षण करत. हे मी त्यांना मेणाचा विषय निघाला त्या पहिल्याच दिवशी सांगितलं. "आवो, पण मेन कुटनं येतंय? झाडापासनंच की," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही अप्पा, हे मेण रॉकेलच्या जातीचं. ते जमिनीतून निघतं." "मग जमिनीत काय हुतं? गाडलेली झाडंच हुती असं तुमीच परवा म्हनलाव." तसं मी खरंच म्हटलं होतं. त्यांच्याशी वाद घालताना माझी नेहमी हीच गत व्हायची. मी बरोबर असायचो, ते चूक असायचे आणि शेवटी गप्प मी बसायचो.

अप्पा कापडगिरणीत साइझिंग खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. ताण्याच्या सुताला मागावर चढण्याआधी खळ देतात, म्हणजे कांजीत बुडवून ते कडक करतात, ते हे खातं. त्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर खळीची भांडी सुटली, पण खळ सुटली नाही. त्यांचं धोतर, त्यांची टोपी, हातरुमाल, सगळं कडक असे. तो रुमाल घडी करताना कागदासारखा वाजायचा, आणि त्यानं घाम पुसला तर घाम जागच्या जागी राहून फक्त गाल लाल व्हायचा. "सूत बिनखळीचं म्हंजे मानूस उघडाबंब," हे त्यांचं एक आवडतं वाक्य होतं.

आता असा माणूस मेणबत्त्यांच्या मागे का लागला, हे सांगितलं पाहिजे. त्या वर्षी विजेची भयंकर टंचाई होती. आमच्या पेठेत रोज संध्याकाळी दिवे जायचे ते दोन-अडीच तासांनी यायचे. घरोघरी कंदील आणि चिमण्या लागायच्या. आमच्या घरमालकीणबाईंना, म्हणजे अक्कांना, दम्याचा त्रास. रॉकेलचा धूर छातीत गेला की त्यांना श्वास पुरायचा नाही. दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्यांची अशी अवस्था झाली की डॉक्टरांनी साफ सांगितलं, या घरात आता चिमणी लावायची नाही. आठवड्याच्या आत वैरागहून त्यांचे भाऊ आले आणि अक्कांना घेऊन गेले. तिकडे वीज जायची ती दिवसा. अप्पा आम्हाला सांगत, "चार दिस गेलीया." चार दिवसांचा महिना झाला. मग भावाचा निरोप आला की ताईला इथं मानवलंय, आता तिला इथंच राहू द्या. हा निरोप ऐकला त्या दिवशी अप्पा बाजारात जाऊन मेणाची एक लादी घेऊन आले. धूर न करणारी मेणबत्ती झाली की अक्का परत येणार, इतका सरळ त्यांचा हिशेब होता.

मेणबत्त्या विकत का आणत नाही, असं कोणीही विचारील. मीही विचारलं. तेव्हा त्या सहजी मिळत नसत, आणि मिळत त्यांत राळेची भेसळ असल्यानं त्या चिमणीपेक्षा जास्त धूर करत. पण मी पुण्याला गेलो असताना चांगल्यातल्या दोन डझन शोधून आणल्या आणि मोठ्या उत्साहानं त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी पुडा उचलला, वास घेतला आणि परत माझ्या हातात दिला. "इकतच्या मेनबत्तीनं बायकू परत आनायची व्हय?" ते म्हणाले. त्या मेणबत्त्या मी वरच्या खोलीत गुपचूप, खिडकी लावून वापरल्या.

मग सुरू झाला तो मेणाचा संसार. साचा म्हणून ते पपईच्या पानाचा पोकळ देठ वापरत. परड्यात एक पपई होती, ती महिनाभरात बोडकी झाली. नुसत्या मेणाची मेणबत्ती निवताना मधोमध आक्रसून तिला खळगा पडे, म्हणून त्यात साबणवाल्याकडून आणलेला एक पांढरा चुरा पडला. चुऱ्यानं ती कडक झाली, पण इतकी ठिसूळ की उचलली की हातात अर्धीच यायची. म्हणून थोडं खोबरेल गेलं. खोबरेलानं ती घामेजली. मग कुंभारी गावच्या एका शेतकऱ्याकडून मधमाश्यांचं अस्सल मेण आलं, आणि त्याच्या पाठोपाठ घरात मुंग्यांची रांग आली. प्रत्येक मेणबत्ती ओतलेल्या वारानं ओळखली जायची. "गुरवारची सोमवारच्यापेक्षा शानी हाय," असं ते सांगत. मी विचारी, "कोणत्या गुरुवारची? मागच्या का त्याच्या मागच्या?" त्यावर ते अशा नजरेनं पाहत, जणू घरातल्या पोरांची नावंच मी विसरलोय. खरं सांगायचं तर काही दिवसांनी मला गुरुवार म्हटलं की कार्यालयाला जायचंय एवढंसुद्धा चटकन आठवेना. एप्रिलात सोलापूरचं ऊन तापलं तेव्हा कोनाड्यात ओळीनं उभ्या केलेल्या सगळ्या मेणबत्त्या एका दुपारी कमरेत वाकल्या. अप्पा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "नमस्कार करायल्यात. कुनाला, काय की."

एक गोष्ट मात्र दर वेळी तीच व्हायची. मेणबत्ती पेटायची, ज्योत चांगली बोटभर वर यायची, मग वातीच्या टोकावर काळं बोंड धरायचं, त्यातून धुराची शेपटी निघायची आणि सगळं संपायचं. आम्ही दोघं अंधारात बसायचो. "मेनाचंच कायतरी चुकतंय," अप्पा म्हणायचे. "मेणाचंच," मी म्हणायचो. मला तरी दुसरं काय सुचणार? मी घरून रसायनशास्त्राचं जुनं पुस्तक मागवलं, त्यात मेणबत्तीचा एक धडा होता. तो मी अप्पांना वाचून दाखवला. ज्योतीला तीन भाग असतात हे ऐकून ते खूश झाले आणि म्हणाले, "मग आपला कुठला भाग बिगडलाय?" पुस्तक याबाबतीत ताकास तूर लावू देत नव्हतं. मी हात टेकले. अप्पांनी टेकले नाहीत. वैरागहून कोणी आलं की ते आधी विचारत, "खोकला कसा हाय तिचा?" आणि बरा आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा आनंदी होतोय का उतरतोय, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

ज्येष्ठात एक दिवस अक्का स्वतःच आल्या. मेणबत्तीसाठी नव्हे. आपल्या दुधाच्या पातेल्यात नवरा मेण वितळवतो, ही बातमी कोणीतरी वैरागला पोचवली होती. मेणबत्तीला जे जमलं नव्हतं ते पातेल्यानं केलं. एसटीतून उतरून त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या, आणि पुढचा अर्धा तास नवराबायकोचं कानडीतून असं काही जोरात चाललं की मला त्यातला फक्त "साकु" हा एक शब्द कळला. साकु म्हणजे पुरे. तो दोघंही म्हणत होते, त्यामुळं कोणाला काय पुरे झालंय हा गोंधळ शिल्लकच राहिला.

दुपारी अप्पा जेवून आडवे झाले तेव्हा अक्का जिना चढून माझ्या खोलीशी आल्या. चार पायऱ्यांगणिक थांबत आल्या. हातात सुताची एक लडी होती. "बीएस्सी, ह्येला हात लावून बगा." मी लावला. लडी काडीसारखी कडक होती. "ह्येला खळ दिलीया त्यांनी," अक्का म्हणाल्या. "वातीच्या सुताला कुनी खळ देतंय का? आमी देवाच्या वाती जल्मभर वळल्या. मऊ सूत असलं तर तेल पितंय. ह्ये मेन कुटनं पिनार? नुसतं जळतंय आन् धूर करतंय."

सहा महिने आम्ही मेण बदलत होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पपईचं झाड उगीच बोडकं केलं, त्या बिचाऱ्या मुंग्यांना उगीच शिव्या दिल्या. अप्पा कपाळावर हात मारून घेतील, या कल्पनेनं मला हसू फुटलं आणि मी त्यांना उठवायला निघालो. अक्कांनी मला दारातच अडवलं.

"त्यांस्नी सांगू नगा," त्या म्हणाल्या. "का?" "खळ एवडंच येतंय त्यांना. जल्मभर त्येच केलं. त्येच चुकलं म्हनल्यावर मान्साकडं काय ऱ्हातंय?" मग दम घेऊन त्या हसल्या. "माज्यासाटी केलंय सगळं. पातेल्याचा सत्यानाश केला त्यो केला."

संध्याकाळी त्यांनी अप्पांना सुनावलं, की वाती वळणं हे बाईमाणसाचं काम आहे, तेव्हा सूत माझ्याकडं द्यायचं आणि तुम्ही तुमच्या मेणाचं बघायचं. अप्पांना हे पटलं. त्यांनी रीतसर खळ दिलेली लडी अक्कांच्या स्वाधीन केली. ते चौकात पानाला गेले की अक्का ती लडी सोड्याच्या पाण्यात उकळून खळ काढत, सावलीत वाळवत, तीन पदरी वेणी घालून वात वळत आणि एकदा पातळ मेणात बुडवून मग अप्पांच्या हाती देत. मेणामुळं ती ताठ झालेली असे. अप्पा ती बोटानं टिचकी मारून बघत आणि म्हणत, "बगा, खळ कशी धरलीया!"

पहिली अशी मेणबत्ती मंगळवारी ओतली. बुधवारी संध्याकाळी दिवे गेले. अप्पांनी काडी ओढली. ज्योत वर आली, स्थिर झाली आणि तशीच राहिली. आम्ही तिघं वाट पाहत बसलो. बोंड धरलं नाही, धूर निघाला नाही. अक्का अगदी जवळ सरकून बसल्या आणि त्यांनी मुद्दाम लांब श्वास घेतला. खोकला आला नाही. अप्पांनी तोंड फिरवलं आणि टोपी काढून तिच्यानंच डोळे पुसले, आणि ती टोपी किती कडक आहे हे माहीत असल्यामुळं मला त्यांची फार दया आली. अक्कांची ट्रंक पुढच्या आठवड्यात वैरागहून परत आली.

त्यानंतर माझी बदली होईपर्यंत दोन वर्षं मी त्या मंगळवारच्या मेणाचं माप ऐकलं. तीन वाट्या मेण, अर्धी वाटी चुरा, वर चिमूटभर मधमाश्यांचं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा ते सांगत आणि शेवटी म्हणत, "आन् खळ! खळ इसरायची न्हाय." ते ऐकून काही जणांनी घरी मेणबत्त्या करून पाहिल्या. त्यांच्या अर्थातच विझल्या. "हाताला गुन लागतो," अप्पा म्हणत. अक्का आतून माझ्याकडे बघत, आणि मी तोंडावर बोट ठेवल्यासारखा चहा पीत राही.

बदली होऊन मी विदर्भात गेलो. वर्षभरानं अक्का गेल्याचं कार्ड आलं. दम्यानं नाही, दोन दिवसांच्या तापानं. मला जाणं जमलं नाही, याचं वाईट अजून वाटतं. पुढे चार-पाच महिन्यांनी अप्पांचं आणखी एक कार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी वर चढत गेलेल्या. त्यांनी लिहिलं होतं, "मेणबत्त्या पुना धूर कराय लागल्यात. मेण त्येच, चुरा त्योच, माप मंगळवारचंच. वाती आता मीच वळतोय. खळ पहिल्यापेक्षा दाट देतोय तरीबी इझत्यात. कुटं बिगडलं त्ये समजंना. तुमी बीएस्सी, कळवा."

मी ते कार्ड खिशात घालून आठ दिवस हिंडलो. खरं काय ते एका ओळीत लिहिता आलं असतं. पण ती ओळ लिहायला घेतली की अक्का दारात आडव्या उभ्या राहायच्या. न लिहावं तर ते बिचारे पुन्हा वाट्या मोजत बसणार. काय करणं बरोबर होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि इतक्या वर्षांनंतरही कळलेलं नाही. अखेर मी लिहिलं, "अप्पा, तुमचं काही चुकलेलं नाही. हल्ली मेणच पूर्वीसारखं मिळत नाही."

त्यांचं उलट टपाली उत्तर आलं. नमस्कार वगैरे काही नव्हतं, एवढंच होतं: "व्हय. मलाबी तसंच वाटलं. पहिल्यासारखं आता काईच ऱ्हायलं न्हाय."